डाव्या हातासाठी तारा

४ मार्च

प्रिय मामा,

तुझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानाचा फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा मामीने उचलला आणि तिन्ही वेळा तू "मागे, पॉलिशला" होतास. आई म्हणाली, "त्याला पत्र टाक. तुझा मामा लग्नालासुद्धा पत्राने येणारा माणूस आहे." म्हणून हे पत्र.

काम बाबांच्या बेस गिटारचं आहे. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन येत्या दहा तारखेला आठ महिने होतील. उजवी बाजू ठीक आहे. बोलणं जड झालं आहे, एक-दोन शब्दांपलीकडे ते जातच नाहीत. डावा हात खांद्यापासून उचलतात, बोटं थोडी वाकतात, पण पकड नाही. व्यायामाच्या बाई सांगतात की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, नंतर फारसं नाही. म्हणजे दहा जुलैपर्यंत. मी भिंतीवर तक्ता लावला आहे: रबरी चेंडू, कपड्यांचे चिमटे, टेबलावर बोटं चालवणं. ते काहीच करत नाहीत. चेंडू खिडकीत नेऊन ठेवतात, कुणी पाहुणा विसरून गेल्यासारखा.

तेव्हा मला वाटलं, चिमट्यांसाठी कोण हात हलवेल? जो हात तीस वर्षं बेसवर चालला, त्याला बेसच द्यायला हवा. रविवारी पलंगाखालची पेटी ओढली आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. मामा, हात वर गेला! आपणहून गेला. पहिलं बोट सगळ्यात जाड तारेवर टेकलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला. परत ठेवला, परत काढला.

तारा काळ्या पडल्या आहेत. टोचत असणार. मी वाचलं की साध्या राउंडवाउंड तारांना गोल तारेचं वेटोळं असतं, म्हणून त्या खरखरीत लागतात. फ्लॅटवाउंडला चपटी पट्टी गुंडाळलेली असते, ती गुळगुळीत असते. मला बाबांसाठी फ्लॅटवाउंड घ्यायच्या आहेत. कुठल्या घेऊ ते सांग. चार महिने उरले आहेत.

तुझी,
खारूताई

१३ मार्च

खारूताई,

पत्र पाहून आधी अक्षर ओळखलंच नाही. स्पीकरच्या खोक्यांवर चढून बसणारी खार आता तक्ते लावते म्हणायची! घरातली पहिली पदवी भिंतीवर चिकटली, हे बरं झालं.

आता कामाचं. फ्लॅटवाउंड गुळगुळीत असते हे खरं. पण गुळगुळीत म्हणजे मऊ नव्हे. नवी फ्लॅट तार ताठ असते, दाबायला जोर लागतो. जाडी तीच असली तरी एक संच हाताला सोपा जातो आणि दुसरा मनगट काढून घेतो. भाऊजींच्या हाताला कमी ताणाचाच पाहिजे. नायलॉनची काळी पट्टी गुंडाळलेल्याही येतात, त्या आणखी नरम. पण त्यांचा आवाज भाऊजींना चालायचा नाही. ते म्हणतील, गादीवर कुणीतरी बसतंय.

तेव्हा घाई करू नकोस. वरच्या खाचेपासून, खाली तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपर्यंतची लांबी मोज. चारही तारांची जाडी कळव. तारा घोडीच्या मागून येतात की लाकडातून आरपार, ते बघ. आणि आहेत त्या तारेवरून नख ओढ. करकर आवाज येतो का ते लिही.

फोन करू नकोस. दुकानात मशीन चालू असते, धड काही ऐकू येत नाही. मामी आशीर्वाद सांगते. ताईला म्हणावं, लग्नाला आलो नव्हतो हे कबूल, पण पत्र चांगलं चार पानी होतं.

मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी अर्धं काम उरकलं होतं, म्हणून सगळी मापं तयार आहेत.

लांबी चौतीस इंच. तारा घोडीच्या मागून येतात. जाडी बारीक तारेपासून जाडीपर्यंत अशी: १.१४, १.६५, २.०३ आणि २.६७ मिलिमीटर. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने प्रत्येक तार तीन ठिकाणी मोजली आणि सरासरी काढली. अख्खी गिटार कामावर कशी नेणार? म्हणून पक्कडीने तारा कापल्या आणि प्रत्येकीचा दहा सेंटिमीटरचा नमुना पिशवीत घालून नेला. बाकीच्या तशाही बदलायच्याच होत्या. त्या भंगारात दिल्या, आणि लाकूड स्वच्छ पुसून घेतलं. एवढी धूळ निघाली की आई म्हणाली, "आता वाजली नाही तरी शोभेला ठेवता येईल."

नखाचं म्हणशील, तर नमुन्यावरून नख सरळ घसरतं, करकर नाही. इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झाल्या असणार. टोकांना हिरवा रेशमी दोरा गुंडाळलेला आहे, त्याचा उपयोग कळला नाही.

आता कुठला संच घेऊ ते लवकर कळव.

खारूताई

२९ मार्च

खारे,

नमुना! अगं, तार म्हणजे काय नळाचं पाणी आहे, बाटलीभर काढून घ्यायला?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग दुकान लवकर बंद केलं. हिरवा रेशमी दोरा मी ओळखला. तो संच मी स्वतः चढवला होता, तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, तुमच्या जुन्या खोलीत जमिनीवर बसून. त्या फ्लॅटवाउंडच होत्या. घासून गुळगुळीत झाल्या नव्हत्या, मुळातच तशा होत्या.

साध्या तारा बदलतात. फ्लॅट कुणी बदलत नाही, तुटेपर्यंत कुणी काढत नाही. नवी असताना ती ओरडते. मग वर्षानुवर्षं हाताचा घाम, तेल, धूळ आत मुरते, आणि आवाज बसतो, लांबत नाही, आखूड आणि खोल होतो. भाऊजींच्या तारा बसायला सात-आठ वर्षं लागली. त्यानंतर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. गिटारच्या दांडीवरचा पडदा पुसायला फडकं घेतलं तरी खेकसायचे. आमच्या हॉटेलातल्या बँडमध्ये माणसं जेवता जेवता पाय हलवायची आणि त्यांना कळायचं नाही की कशामुळे. ते ह्या तारांमुळे. मला वाटलं, मी तिथून निघाल्यावर त्यांनी कधीतरी बदलल्या असतील. चोवीस वर्षं कोण ठेवतो! हे मी पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

भंगारवाल्याकडे लगेच जा. मधे कापलेली तार पुन्हा जोडता येत नाही, तरी जा.

भाऊजींनी पाहिलं का?

मामा

८ एप्रिल

मामा,

भंगार गेलं होतं. दुकानदाराने मला दोन खोल्या भरून लोखंड दाखवलं आणि म्हणाला, "ताई, यात तुमचं कुठलं?"

बाबांनी पाहिलं. मी कापत होते तेव्हा ते दुपारचे झोपले होते. उठले तर गिटार बोडकी. मी सांगितलं, "बाबा, नव्या येणार आहेत, गुळगुळीत." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, खूश झाले. मी त्यांना नमुन्यांच्या पिशव्याही दाखवल्या, वर माझ्या अक्षरात क्रमांक घातलेल्या. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिली. आता चार नंबरची पिशवी सापडत नाही. आई म्हणते, ती त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे आणि मी विचारू नये.

विचारू नये म्हणजे काय करू? मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे." त्यांच्या जिभेला हे दोन शब्द फार जड जातात, तरी म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मामा, तू ये. नव्या तारा तूच निवड, तूच चढव. गिटारला हात लावायची मला आता भीती वाटते. बसने आठ तास आहेत. तक्त्यावर तीन महिने उरलेत.

खारूताई

१७ एप्रिल

खारूताई,

यायला जमत नाही. दुकानात काम तुंबलं आहे, गुडघाही धरला आहे. पण संच पाठवतो आहे. तीन होते, त्यांतला निवडायला मला दोन दिवस लागले.

पहिला जुन्याच मापाचा, पण फार ताठ. भाऊजींचा हात धडधाकट असता तर तोच दिला असता. दुसरा निकेलचा, हाताला गोड, पण चौथी तार बाकीच्या तिघींपेक्षा जास्त ओढते. तिसरा पाठवतो आहे. प्रत्येक तार जरा बारीक, ताण कमी. मी त्या बोटांखाली वाकवून बघितल्या, दुसऱ्या हाताने, म्हणजे माझ्या दुबळ्या हाताने. नऊ महिने निजलेल्या बोटाला जमेल असं वाटतं.

चढवताना एकेक चढव. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. आणि ऐक, आवाज लखलखीत येईल. भाऊजी तोंड वाकडं करतील. करू देत. वाजत राहिल्या तर बसतील.

मामा

५ मे

मामा,

तारा मी चढवल्या. बाबा बाजूला बसून उजव्या हाताच्या बोटाने दाखवत होते, आणखी, आणखी, पुरे. तो तासभर फार चांगला गेला. आई म्हणाली, "तीस वर्षांत मला एक खुंटी फिरवू दिली नाही या माणसाने."

मग मी ठरवलं की पहिला आवाज तूही ऐकायचा. तुझी मनाई मोडून फोन लावला आणि मामीला म्हटलं, मामाला द्याच. तू आलास. मी ओरडून सांगितलं, "मामा, ऐक हं, आता बाबा वाजवणार," आणि फोन अँपच्या स्पीकरसमोर ठेवला. तेवढ्यात दिसलं की वायर निघाली आहे, म्हणून ती खोचायला वाकले. आणि फोनमधून तुझा आवाज आला: "वा! झकास! अगदी तोच आवाज, भाऊजी!"

आई म्हणाली, "अजून वाजवलंय कुठे?"

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फोन बंद केला.

तू आमची समजूत काढत होतास का? कशासाठी? मला समजूत नको आहे, मला खरं काय ते हवं आहे.

मग बाबांनी उजव्या हाताने तार छेडली. आवाज पत्र्यासारखा. डावा हात वर गेला, बोट तारेवर टेकलं, त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. पहिल्यासारखंच. "नाही," म्हणाले आणि गिटार बाजूला सारली. इतक्या गुळगुळीत तारा, मामा, त्यासुद्धा टोचतात का?

खारूताई

१४ मे

खारूताई,

खरं सांगतो. मला ऐकू येत नाही.

सहा वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले, मग माणसांची बोलणी. आता डाव्या कानाने मोठा आवाज तेवढा कळतो, तोही भिंतीपलीकडचा. वीस वर्षं ड्रमच्या शेजारी उभा राहिलो, त्याचं हे. गिऱ्हाइकाशी मामी बोलते. गिटार सुरात लावताना मी गिटारच्याच खांद्याला हनुवटी टेकवतो, हाडातून थोडं कळतं. बाकी सूर दाखवणारं यंत्र आहे. दुकान याच कारणाने अर्धं झालं आहे. काम तुंबलं वगैरे काही नाही. गुडघाही बरा आहे.

भाऊजींकडे आलो नाही तो यासाठीच. ते एक सूर वाजवून विचारतील, "कसा वाटतो?" त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. फोनवर बोललो. तेही पकडलं गेलं.

तारा मी बोटांनी आणि आठवणीने निवडल्या. तू कानाने निवडल्या समजत होतीस.

आता तुझा प्रश्न. तू दोन्ही वेळा लिहिलंस की ते बोटाकडे बघतात. भाऊजी कधी बोटाकडे बघून वाजवायचे? अंधाऱ्या स्टेजवर डोळे मिटून वाजवणारा माणूस तो. कान जात होता तेव्हा मला काही दुखलं नाही, खारे. काहीच झालं नाही, तेच वाईट होतं. तार टोचत असेल असं मला वाटत नाही. त्यांना डोळे मिटायला सांग आणि विचार, बोट कशावर आहे.

मामी म्हणते, असलं पोरीला लिहू नका. पण तू खरं मागितलंस.

मामा

२ जून

मामा,

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आईने तुझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मूर्ख आहे. लहानपणीही पडला की उठून आधी कुणी पाहिलं का ते बघायचा."

तू सांगितलंस ते करायला मला पंधरा दिवस लागले. रोज उद्यावर ढकलत होते. काल केलं. बाबांना डोळे मिटायला सांगितले. त्यांचं पहिलं बोट कधी तारेवर ठेवलं, कधी दोन तारांच्या मधल्या लाकडावर, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. विचारलं, तार की लाकूड? दहा वेळा. पाच बरोबर आली. दहात पाच म्हणजे नुसता अंदाज, हे मला पदवीने शिकवलं आहे.

म्हणजे फ्लॅट असो, राउंड असो, नायलॉन असो, त्या हाताला सगळं सारखंच. जुन्या तारा टोचत नव्हत्या, नव्याही टोचत नाहीत. त्यांच्या तारा मी कशासाठीच कापल्या नाहीत, मामा. नुसत्या कापल्या.

डोळे उघडल्यावर त्यांनी माझी वही ओढून आकडा पाहिला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?" ते बराच वेळ शब्द जमवत राहिले आणि म्हणाले, "तू... हौसेने..." पुढचं त्यांना आलं नाही. मला नको होतं.

व्यायामाच्या बाईंना आज सांगितलं. त्या म्हणाल्या, हालचाल आली तरी स्पर्श आला नाही तर हात कामाला येणं अवघड. प्रयत्न सोडू नका म्हणाल्या. पण हे त्यांनी फाइल बंद करता करता म्हटलं. मला आता काय करावं ते कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुढची पायरी नाही.

खारूताई

११ जून

खारूताई,

येतो आहे. शनिवारच्या बसने. मामीला बरोबर आणत नाही, म्हणजे जे बोलाल ते माझ्याशी मोठ्याने किंवा लिहून बोला. करायला काहीच नाही, हे मला माहीत आहे. तरी येतो.

मामा

१४ जुलै

प्रिय मामा,

तू जाऊन महिना होत आला. पोहोचल्याचं मामीने कळवलं. तुझी टोपी इथेच राहिली आहे, आई तिला खुंटीवरून हलवू देत नाही.

तुला काही गोष्टी कळल्या नसतील, म्हणून लिहिते. तू आलास तेव्हा बाबा तुझ्याशी पाच मिनिटं बोलत होते, इतकं सलग ते अकरा महिन्यांत बोलले नव्हते. मी तुला लिहून द्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. तुला ऐकू येत नाही, म्हणूनच ते बोलत होते. जीभ अडखळली तरी समोर ऐकणारा कुणी नव्हता. काय बोलले ते मी सांगणार नाही. तू मान डोलवत होतास, तेवढं पुरेसं होतं.

आणि गिटारचं. तू ती टेबलावर आडवी ठेवलीस आणि तिच्या खांद्याला हनुवटी टेकवून वाकलास. बाबांनी उजव्या हाताने मोकळी जाड तार छेडली. तोच पत्र्याचा आवाज, खोलीभर लांबत गेलेला. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग उजव्या हाताने स्वतःचा डावा हात मनगटाशी पकडून उचलला, टेबलावरची वस्तू उचलावी तसा, आणि घोडीजवळ चारही तारांवर आडवा ठेवून दिला. पुन्हा छेडली. धप्प. एकच, आखूड, खोल.

तू लगेच हनुवटी उचलून विचारलंस, "आता काय केलंत? हे वेगळं आहे." आई स्वयंपाकघरातून हातात कप तसाच धरून बाहेर आली. तो जुना आवाज होता, मामा. तुला दिसत होतं की आम्ही सगळे थांबलो, पण कशासाठी ते तुला कळलं नसेल.

मी त्या दिवशी बोलले नाही, कारण मला आनंद झाला नाही. व्हायला हवा होता. त्या हातात जीव यावा म्हणून मी अकरा महिने झटत होते, आणि बाबांना त्यातला नुसता भार उपयोगी पडला. त्यांनी मानलं आहे. माझं मानायचं राहिलं आहे.

दहा जुलै गेली. मी तक्ता काढला, भिंतीवर चार टाचण्यांची भोकं तेवढी आहेत.

आता ते रोज संध्याकाळी वाजवतात. मोकळ्या चार तारा, चार सूर, त्यांत बसतील तेवढीच गाणी. मनगट धरून हात उचलताना ते दमतात, म्हणून मला हाक मारतात, "ये." मी तो हात दोन्ही हातांनी उचलते आणि घोडीजवळ ठेवते. बोटं सरळ करते, तळवा तारांवर नीट टेकला आहे का बघते. मग मी माझे हात काढून घ्यायचे असतात. रोज मी एक क्षण जास्त थांबते, तो हात माझं बोट धरेल म्हणून. तो धरत नाही. बाबा वाट बघतात. मी हात काढून घेते, आणि ते सुरू करतात.

तुझी,
खारूताई